देशी शेवाळ, परकं शेवाळ आणि अर्चिनचे पाच दात

प्रयोग दिसायला साधा असतो. समुद्राचं पाणी खेळतं ठेवलेली एक टाकी, तिच्यात दोन-तीन दिवस उपाशी ठेवलेला एक सी अर्चिन आणि त्याच्यासमोर तोलून ठेवलेले दोन जातींच्या समुद्रशेवाळांचे तुकडे. एक शेवाळ त्याच किनाऱ्यावरचं, दुसरं माणसाने दुसऱ्या समुद्रातून आणलेलं. ठरलेल्या वेळाने तुकडे बाहेर काढायचे, निथळू द्यायचे आणि पुन्हा तोलायचे. जे जास्त घटलं, ते अर्चिनला जास्त रुचलं. शेजारच्या टाकीत तसेच तुकडे अर्चिनविना ठेवलेले असतात. शेवाळ जिवंत असतं, त्याचं वजन आपणहून वाढतं किंवा कुजून घटतं; तेवढा फरक वजा केल्याशिवाय हिशेब जमत नाही.

पण एखादं शेवाळ टाकलं गेलं ते चिवट होतं म्हणून, की त्याची चव नकोशी होती म्हणून? हे वेगळं काढायचं तर शेवाळ वाळवून त्याची पूड करतात आणि ती अगरमध्ये घालून वड्या पाडतात. सगळ्या वड्यांचा मऊपणा सारखा, त्यामुळे उरतो तो फक्त रसायनांचा फरक. मूळ शेवाळ न खाणारा अर्चिन त्याचीच वडी खाऊ लागला, तर अडचण चिवटपणाची होती असं समजायचं.

गेल्या काही दशकांत हे प्रयोग कॅनडा, भूमध्य समुद्र, हवाई अशा कितीतरी किनाऱ्यांवर झाले. त्यामागे तातडीचं कारण आहे. जहाजांच्या बुडाला चिकटून, त्यांनी तोलासाठी भरलेल्या पाण्यातून, मत्स्यालयांतून आणि मुद्दाम केलेल्या शेतीतून शेवाळं एका महासागरातून दुसऱ्यात जात आहेत. त्यातली बरीचशी नव्या जागी तग धरत नाहीत. काही मात्र अशी पसरतात, की खालचे प्रवाळ आणि शेजारची मूळची शेवाळं गुदमरून मरतात. अशा वेळी तिथलाच एखादा चरणारा प्राणी त्यांना आवरेल का, हा प्रश्न पडतो आणि बहुतेकदा सगळ्यांची नजर अर्चिनकडे वळते.

तसा तो लक्ष वेधून घेणाराच प्राणी आहे. कदंबाच्या फुलासारखं गोल, काट्यांनी भरलेलं शरीर, काट्यांमधून डोकावणारे नळीसारखे शेकडो चोषक पाय आणि खालच्या बाजूला, खडकाला टेकलेलं तोंड. त्या तोंडात पाच दात असतात. त्यांना पेलणारा आणि हलवणारा चुनखडी तुकड्यांचा व स्नायूंचा सांगाडा ‘अॅरिस्टॉटलचा कंदील’ या नावाने प्राणिशास्त्रात ओळखला जातो. अॅरिस्टॉटलने तो पाहून लिहून ठेवला, म्हणून हे नाव. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजताना ठरावीक थरांवर तुटत असल्यामुळे त्यांची धार कायम राहते. या दातांनी अर्चिन शेवाळाचं पातं तर कापतोच, खडकाला चिकटलेला त्याचा बुंधाही खरवडून काढतो. बुंधा गेला की शेवाळाला पुन्हा फुटायला जागाच राहत नाही. शेंडे कुरतडून पुढे निघून जाणारे बरेच मासे इतकं खोल काम करत नाहीत.

शेवाळंही निमूटपणे खाल्ली जात नाहीत. थंड समुद्रातलं डेस्मरेस्टिया हे तपकिरी शेवाळ आपल्या पेशींत गंधकाम्ल साठवतं, त्यामुळे अर्चिन त्याच्यापासून दूर राहतात. इतर बऱ्याच तपकिरी शेवाळांमध्ये टॅनिनच्या जातीची तुरट द्रव्यं असतात. काही लाल शेवाळं पेशींच्या भिंतींत चुना भरून स्वतःला दगडासारखी कठीण करून घेतात. कोडियम नावाचं हिरवं, स्पंजासारखं शेवाळ आणखी एक युक्ती करतं: त्याच्या पेशी चिरडल्या की त्यांतलं एक गंधकयुक्त द्रव्य फुटून अॅक्रिलिक आम्ल तयार होतं आणि पुढचा घास नकोसा होतो.

परकं शेवाळ नव्या किनाऱ्यावर पोचलं की काय होईल, याबद्दल परिस्थितिशास्त्रात दोन उलट दिशांचे विचार आहेत. पहिल्यानुसार पाहुणा आपले जुने शत्रू मागे ठेवून येतो; नव्या ठिकाणच्या प्राण्यांना त्याची ओळख नसते, म्हणून तो मोकाट वाढतो. दुसरा विचार इंग्लंडच्या चार्ल्स एल्टनच्या 1958 सालच्या पुस्तकापासून चालत आला आहे. त्यानुसार भरलेल्या, नांदत्या निसर्गात नव्याला सहज जागा मिळत नाही. तिथले रहिवासी त्याला खातात, ढकलतात, रोखतात. 2006 साली ‘सायन्स’मध्ये जॉन पार्कर, डेरॉन बर्कपाइल आणि मार्क हेय यांनी शंभराहून अधिक परक्या वनस्पतींवरचे प्रयोग एकत्र तपासले. त्या-त्या ठिकाणचे मूळचे शाकाहारी प्राणी परक्या वनस्पतींना बऱ्यापैकी दाबून ठेवतात. उलट बाहेरून आणलेले शाकाहारी प्राणी मूळच्या वनस्पती संपवून परक्यांना वाट करून देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझ्या मते हा निष्कर्ष समुद्राबाबत फार मोलाचा आहे, पण अर्चिन त्यात दरवेळी नीट बसत नाही. अर्चिनला देशी-परदेशी हा भेद नसतो. चव, पोत, पोषण आणि सहज हाताशी काय आहे, एवढ्यावर त्याचं खाणं ठरतं.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाचा किनारा पाहा. तिथे केल्प या मोठ्या तपकिरी शेवाळाची पाण्याखाली अक्षरशः अरण्यं असतात आणि तिथला हिरवा अर्चिन केल्पवर तुटून पडतो. 1970च्या दशकात अर्चिन इतके वाढले, की किनाऱ्याचे लांबच लांब पट्टे खरवडून उजाड झाले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमीबाच्या रोगाने अर्चिन प्रचंड संख्येने मेले आणि केल्प परतला. त्याच दशकाच्या शेवटी मूळचं जपानकडचं कोडियम तिथे पोचलं. पाठोपाठ युरोपातून आलेला, केल्पच्या पात्यांवर जाळीसारखा पसरणारा एक सूक्ष्म प्राणी फोफावला. त्याच्यामुळे पाती ठिसूळ होऊन वादळात तुटायची आणि रिकाम्या झालेल्या खडकांवर कोडियम बसायचं.

इथे अर्चिन केल्पच्या मदतीला आले नाहीत. डलहौसी विद्यापीठाचे रॉबर्ट शायबलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्चिनना दोन्ही शेवाळं देऊन पाहिली. पसंती केल्पला मिळाली. केल्पवर पोसलेले अर्चिन वाढले, त्यांच्या जननग्रंथी भरल्या. नुसत्या कोडियमवर ठेवलेले मागे पडले. अर्चिन दाटीने, थव्याने आले तर कोडियमचाही फडशा पाडू शकतात. पण विरळ असताना ते आवडीचं निवडून खातात, आणि आवडीचं म्हणजे तिथलं मूळचं शेवाळ. एका बाजूला वादळ आणि जाळी पसरवणारा प्राणी केल्प तोडत असताना, दुसऱ्या बाजूने अर्चिन त्याच केल्पवर चरत होते. त्यांच्या चरण्याचा फायदा परक्यालाच झाला.

भूमध्य समुद्रात याहून बिकट गोष्ट घडली. 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली कॉलर्पा टॅक्सिफोलिया या उष्णकटिबंधीय शेवाळाचा साधारण एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्याने हजारो हेक्टर समुद्रतळ व्यापला. कॉलर्पात कॉलर्पेनाइन हे विषारी द्रव्य असतं आणि उन्हाळा-शरदात त्याचं प्रमाण खूप वाढतं. त्या काळात तिथला जांभळा अर्चिन त्याला तोंड लावायला तयार नसे. चरणारा होता, भूक होती, पण पाहुणा खाण्याजोगा नव्हता. कॉलर्पा खाणाऱ्या कॅरिबियन सागरी गोगलगायी आणून सोडाव्यात, असाही प्रस्ताव आला होता. तो अमलात आला नाही, हे बरंच झालं.

आता हवाईकडे. अर्चिनच्या मदतीने परकं शेवाळ खरोखर हटवलं गेल्याचं सर्वांत मोठं उदाहरण तिथलं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याला जवळची वाटावी अशी आहे.

ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कानेओहे नावाचा मोठा, शांत उपसागर आहे. त्यात गाळ-वाळूने वेढलेले सुटे-सुटे प्रवाळखडक आहेत. 1974 साली हवाई विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्सवेल डोटी यांनी उपसागरातल्या मोकू ओ लोए बेटापाशी कॅपाफायकस नावाचं लाल शेवाळ संशोधनासाठी आणलं. त्याच्यापासून कॅराजीनन मिळतं. आइसक्रीम, चॉकलेटचं दूध, टूथपेस्ट यांना घट्टपणा देणारा हा पदार्थ जगभर लागतो, आणि फिलिपिन्समध्ये या शेवाळाची शेती तेव्हा बहरत होती. गरीब मच्छीमारांना उत्पन्न मिळवून देणारं पीक म्हणून त्याकडे पाहणं चुकीचं नव्हतं. शेवाळ बीजाणूंनी फारसं पसरत नाही, तुकड्यांनी वाढतं, आणि जड तुकडे खोल पाणी ओलांडू शकणार नाहीत, असा तज्ज्ञांचा कयास होता.

तुकड्यांनी ते ओलांडलं. 1990च्या दशकात पुन्हा पाहणी झाली तेव्हा कॅपाफायकस मूळ जागेपासून 6 किलोमीटरवर पोचलं होतं. सरासरी वेग वर्षाला 250 मीटर. अनुकूल पाण्यात त्याचं वजन दोन-चार आठवड्यांत दुप्पट होतं. जाड, रबरासारख्या फांद्यांची गादी प्रवाळांवर पसरते, खालचा प्रकाश आणि पाण्याची हालचाल बंद होते, प्रवाळ मरतात. एरिक कॉन्क्लिन आणि जेनिफर स्मिथ यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाताने उपटून पाहिलं, तेव्हा खडकाच्या फटींत राहिलेल्या बारीक अवशेषांतून शेवाळ पुन्हा उगवून आलं. अर्चिन ठेवलेल्या ठिकाणी मात्र ते कमी झालं.

हा अर्चिन म्हणजे ट्रिप्न्युस्टीस ग्रॅटिला. हवाई भाषेत हावाए माओली. पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंत, म्हणजे हिंदी महासागर आणि पॅसिफिकमध्ये तो सगळीकडे सापडतो. शंख-शिंपल्यांचे तुकडे, शेवाळाचे तुरे असं काहीबाही तो पाठीवर गोळा करून वावरतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘कलेक्टर’ म्हणतात. तो खादाड आहे, भराभर वाढतो आणि पानाफांदीच्या शेवाळांवर जगतो. कॅपाफायकसही तो खातो. शिवाय मोकळी वाळू ओलांडून जाणं तो टाळतो. कानेओहेचे सुटे प्रवाळखडक वाळूने आणि गाळाने वेढलेले असल्यामुळे तिथे सोडलेला अर्चिन तिथेच राहतो. कुंपण निसर्गानेच घातलं आहे. अडचण इतकीच होती, की या खडकांवर मुळात अर्चिन फार थोडे होते.

मग दोन टप्प्यांचं काम आखलं गेलं. पहिल्या टप्प्यात ‘सुपर सकर’ हे यंत्र: एका तराफ्यावर पंप, त्याला जाड नळी आणि पाण्याखाली दोन पाणबुडे. पाणबुडे हाताने शेवाळ सोडवून नळीत घालतात. वर ते चाळणीच्या टेबलावर पडतं, त्यात अडकलेले खेकडे, मासे, देशी शेवाळ वेचून पुन्हा समुद्रात सोडतात आणि उरलेलं पोत्यांत भरून बेटावरच्या शेतकऱ्यांना खतासाठी देतात. दुसऱ्या टप्प्यात अर्चिन. होनोलुलूजवळच्या सँड आयलंडवर, राज्याच्या अनुएनुए मत्स्यसंशोधन केंद्रात, समुद्रातून आणलेल्या अर्चिन नर-माद्यांपासून पिल्लं तयार होतात. अळ्या तीन-चार आठवडे पाण्यात तरंगत सूक्ष्म शैवाल खातात, मग पट्ट्यांवर बसून इवल्या अर्चिनचं रूप घेतात. काही महिन्यांनी ते साधारण दीड-दोन सेंटिमीटरचे झाले की पाणबुडे त्यांना खडकांवर नेऊन ठेवतात. 2011 पासून पाच लाखांहून अधिक अर्चिन अशा रीतीने समुद्रात गेले आहेत.

नुसता उत्साह नव्हे, मोजणीही झाली. ब्रायन नीलसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या 15 ते 26 टक्के भागावर परकं शेवाळ पसरलं होतं असे चार प्रवाळखडक त्यांनी निवडले. दोन खडकांवर उपाय केले, दोन तसेच ठेवले. उपायाच्या दोन खडकांवरून, म्हणजे सुमारे 24,000 चौरस मीटरवरून, जवळपास 19,000 किलो शेवाळ काढलं आणि तिथे सुमारे 99,000 लहान अर्चिन सोडले. दर चौरस मीटरला साधारण चार. दोन वर्षांत तिथलं परकं शेवाळ 85 टक्क्यांनी घटलं.

हा आकडा वाचून ‘अर्चिन सोडा, शेवाळ घालवा’ असं सूत्र काढण्याचा मोह होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. बोटभर अर्चिन दाट वाढलेल्या गादीचं काहीच बिघडवू शकला नसता. आधी माणसांनी हातांनी 19 टन शेवाळ उपसलं, मग फुटणारे कोंब खायला अर्चिन आले. कोवळा कोंब आणि जून फांदी यांत चरणाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर असतं. हॅचरीत अर्चिन वाढवण्याची मेहनत, वाळूचं कुंपण, शेवाळ विषारी नसणं, या सगळ्या गोष्टी एकत्र जुळल्या. नोव्हा स्कोशियात त्या जुळल्या नव्हत्या, मोनॅकोत तर मुळीच नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हा अर्चिन हवाईचाच होता. बाहेरून रखवालदार आणण्याची चूक हवाईने पूर्वी केली आहे, आणि त्या रखवालदाराचं मूळ आपल्याकडचं आहे. 1872 साली उसाच्या मळ्यांतले उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून मुंगसं जमैकात नेली गेली. तिथून 1883 साली ती हवाईत आली. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा. उंदीर राहिले ते राहिलेच, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या हवाईच्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. तिथल्या नेने या बदकाच्या कुळातल्या पक्ष्याला त्याची झळ आजही बसते. परक्या शेवाळावर परका प्राणी न सोडता घरच्याच अर्चिनची संख्या वाढवण्याचा निर्णय या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर पाहिला की त्याचं मोल कळतं.

कानेओहेतली आणखी एक गोष्ट या सगळ्या चर्चेत मागे पडते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कॅपाफायकसच्या आधी तिथे प्रवाळांवर पसरणारं शेवाळ डिक्टिओस्फेरिया हे होतं, फुग्या-फुग्यांचं हिरवं शेवाळ. ते हवाईचंच, मूळचं. उपसागरात वर्षानुवर्षं सांडपाणी सोडलं जात होतं. त्यातल्या खतावर हे देशी शेवाळ माजलं. 1977-78 मध्ये सांडपाण्याची वाट खोल समुद्राकडे वळवली, तरी ते बरीच वर्षं टिकून राहिलं. मार्च 2006 मध्ये सलग कितीतरी दिवस पाऊस आणि ढग राहिले, प्रकाश कमी पडला आणि ते झपाट्याने कोसळलं. चरणारे कमी झाले, पाण्यात खत वाढलं, की देशी शेवाळही आक्रमकासारखं वागतं. चरणारे फार वाढले, की परक्याबरोबर देशीही साफ होतं. जन्मस्थळापेक्षा हा तोल अधिक निर्णायक आहे.

भारतात हेच कॅपाफायकस 1984 साली भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने जपानमधून आणलं. प्रयोगशाळा आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून ते तमिळनाडूतल्या मंडपमला पोचलं. 2000 नंतर पेप्सिको कंपनीने त्याच्या करार-शेतीत पैसा घातला आणि रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूचे तराफे दिसू लागले. तुकडे दोरीला बांधायचे, साधारण 45 दिवसांनी कापणी, त्यातलाच काही भाग पुढच्या लावणीसाठी राखायचा. बचतगटांतल्या कितीतरी बायकांचं घर या तराफ्यांवर चाललं, हे विसरून या पिकाबद्दल बोलणं अन्यायाचं होईल. पण 2008 साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ कॅपाफायकस जिवंत प्रवाळांवर पसरत असल्याचं दाखवलं. ते बेट सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. बीजाणू फारसे नाहीत, म्हणून पसरणार नाही, हा कयास इथेही केला गेला होता. वनखात्याला ते शेवाळ हातांनी वेचून काढावं लागलं.

2020 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशेवाळासाठी 640 कोटी रुपयांची तरतूद झाली आणि किनाऱ्यावरची राज्यं या शेतीकडे आशेने पाहू लागली. उद्या सिंधुदुर्गातही कोणी या तराफ्यांचा विचार करेल. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गसमोर खोल समुद्रात आंग्रिया बँकेचे प्रवाळ आहेत. शेतीला माझा विरोध नाही. पण तराफ्याला परवाना देण्याआधी तिथल्या खडकांवर कोणते अर्चिन आणि शेवाळ खाणारे कोणते मासे किती आहेत याची मोजणी व्हावी, तिथले अर्चिन कॅपाफायकस खातात का हे तपासलं जावं, आणि शक्य तिथे किनाऱ्यावरच्याच मूळच्या जातींची लागवड करावी. सांडपाणी उतरतं अशा खाडीच्या तोंडाशी तराफे नकोतच. आणि वादळात तुटलेले तुकडे गोळा करण्याचा खर्च कोणाचा, हे परवान्यातच लिहिलेलं असावं. हवाईत तो भार लोकांच्या करातून आणि देणग्यांतून उचलला जातो आहे, मन्नारमध्ये तो वनखात्याच्या माथी आला, आणि तिथे शेवाळ विकून मिळालेला पैसा दुसऱ्याच कोणाच्या हातात गेला.